वजिराची सावली

संध्या साळवे पहिल्यांदा नूर फोटो स्टुडिओची पायरी चढली ती अंगणवाडी मदतनिसाच्या अर्जाला लावायच्या फोटोसाठी. वय तेवीस. हसनाबादला दिली होती, दोन वर्षांत परत आली होती. तीर्थपुरीत बापाच्या घरी तिच्या परत येण्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं, आणि तेच तिला जास्त टोचायचं.

स्टुडिओचे मालक निजामोद्दीन. अख्खा बाजार त्यांना चाचा म्हणायचा. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

"मान वर कर."

"वरच हाय."

"मान वर हाय. नजर जमिनीत गाडल्याली हाय."

मग त्यांनी दोन्ही दिवे बंद केले, स्टूल उचलून दाराशी आणलं आणि तिला रस्त्याकडं तोंड करून बसवलं. समोरून उसाची बैलगाडी चालली होती. मागं एक शेळी गाडीतल्या उसाचं वाढं ओढत पळत होती. संध्या ते बघण्यात गुंगली आणि शटर कधी पडलं ते तिला समजलंही नाही. फोटो हातात आला तेव्हा ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. लग्नाआधीची संध्या तिला त्यात दिसली.

मदतनिसाची जागा दुसरीला मिळाली. उरलेल्या प्रती न्यायला ती आली तेव्हा चाचा म्हणाले, "हळदीचे फोटो काढशील का? आमच्यातल्या बायका परक्या गड्याला आत येऊ देत न्हाईत. मला कवापासून एक बाईमाणूस पाहिजे."

"मला कॅमेरा धरता येत न्हाई, चाचा."

"धरायला काय, कढई धरती तसा धरायचा. बघायला मी शिकवतो."

शिकवणी चालायची स्टुडिओच्या वरच्या खोलीत. खोलीला पश्चिमेकडं एकच खिडकी. पहिल्या दिवशी चाचांनी एका मळकट पिशवीतून बुद्धिबळाचा डाव काढला आणि टेबलावर मांडला. त्यांचे वडील लाकूड कातणारे खरादी होते. जन्मभर पाळण्याचे खांब आणि लाटणी कातली, आणि आयुष्यात एकदाच, कोणी सांगितलेलं नसताना, हा डाव कातला. काळी मोहरी शिसवीची. पांढरी कुठल्याशा फिक्या लाकडाची, आता जुन्या तुपाच्या रंगाला आलेली. घोड्यांना डोळे-तोंड नव्हतं, नुसती वाकलेली मान होती.

"माणसावर शिकायचं न्हाई," चाचा म्हणाले. "माणूस हलतो, लाजतो, त्याची बस निघून चालली असती. ह्यांना कुठंच जायचं न्हाई. आन फ्लॅश बिलकुल लावायचा न्हाई. खिडकीतून जेवढं येतं तेवढ्यात भागवायचं."

तेवढ्यात भागवणं सोपं नव्हतं. पांढऱ्या मोहऱ्यांवर उजेडाचा अंदाज धरला की काळी अंधारात बुडायची. काळ्यांवर धरला की पांढरी जळून जायची, नुसते पांढरे डाग राहायचे. चाचा तिला केकच्या खोक्यातला थर्माकोल उजेड परतवायला सावलीच्या बाजूला उभा करायला लावायचे, खिडकीच्या काचेला बटर पेपर चिकटवायला लावायचे, मग तो काढायला लावायचे. दोन्ही मोहरी जिवंत ठेव, म्हणायचे, म्हणजे एकाच फोटोत गोरी नवरी आणि सावळा नवरा दोन्ही सांभाळता येतील. दोन महिने तिनं दुसरं काही काढलं नाही. तिसऱ्या महिन्यात घनसावंगीच्या एका हळदीला तिला एकटीला पाठवलं. सोळा-सतरा वर्षं अशी गेली, आणि घनसावंगीपासून अंबडपर्यंतच्या घरांत फोटोवाली संध्या आल्याशिवाय हळद लागेनाशी झाली.

चाचांचे डोळे जात होते हे सगळ्यांत उशिरा संध्याला कळलं. एकदा भर दुपारी त्यांनी विचारलं, "बल्ब गेला का गं?" बल्ब चालू होता. काचबिंदू होता आणि दोन वर्षं त्यांनी तो घरातही लपवला होता. डॉक्टरांकडं गेले तोवर वेळ निघून गेली होती. त्यांनी दुकानाच्या किल्ल्या संध्याच्या हातात दिल्या, पण यायचं सोडलं नाही. रोज दुपारी भिंतीला हात लावत घरून यायचे, वर जाऊन खिडकीपाशी बसायचे. चारच्या सुमारास ऊन गालावर आलं की म्हणायचे, "आलं."

एकच फोटो त्यांच्या मनात राहून गेला होता. खिडकीसमोर शेजाऱ्याची पाण्याची टाकी आणि एका इमारतीची भिंत, यांच्यामध्ये हातभर फट होती. डिसेंबर लागल्यापासून संक्रांतीच्या अलीकडंपर्यंत, तेवढ्याच दिवसांत, सूर्य उतरता उतरता त्या फटीत यायचा. सात-आठ मिनिटं किरण पटावर आडवे पसरायचे.

"त्या उजेडात काळ्या वजिराची सावली पार शेवटच्या घरापर्यंत जाती," चाचा सांगायचे. "जवान होतो तवा नेमकं त्या वक्ताला खाली गिऱ्हाईक असायचं. उद्या घेऊ, पुढच्या साली घेऊ म्हणत राह्यलो. आता मांडीन मी, शटर तू दाब."

तो दिवस जानेवारीतला, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातला. संध्या तीन दिवस घनसावंगीत लग्नाच्या कामात अडकली होती. जीपमधून उतरली ती तडक दुकानात आली. चाचा दोनपासून वर बसून हातांनी डाव मांडत होते. अर्ध्यावर आलेला खेळ वाटावा असा. पांढरा राजा कोपऱ्यात, त्याच्यापुढं दोन प्यादी, पलीकडच्या कडेला काळा राजा, पटाच्या मधोमध एकटा काळा वजीर, आणि मारलेले दोन हत्ती पटाच्या बाहेर आडवे. प्रत्येक मोहरं ते बोटांनी दोन-दोनदा चाचपत होते.

संध्यानं स्टँड लावला, थर्माकोल उभा केला. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात बॅटरीची लाल खूण लुकलुकत होती. दहा फोटो तर निघतील, असं तिनं धरून चाललं.

ऊन फटीत आलं. खरंच, चाचा म्हणत होते तसंच आलं. वजिराची सावली पटावरून सरकत गेली, काळ्यांच्या कडा तांब्यासारख्या उजळल्या आणि पांढरी मोहरी आतून पेटल्यासारखी दिसायला लागली.

"घे," चाचा म्हणाले.

तिनं बटण दाबलं. कॅमेऱ्याचा पडदा एकदा चमकला आणि काळा झाला. दुसरी बॅटरी आदल्या दिवशीच संपलेली, ती तशीच पिशवीत पडलेली. मोबाईल खाली काउंटरवर चार्जिंगला. आठ मिनिटांत खाली जाऊन मोबाईल आणता आला असता. पण मग सांगावं लागलं असतं की तीन दिवसांत बॅटरी चार्जिंगला लावायची सुध आपल्याला राहिली नाही. चाचा खिडकीकडं गाल करून बसले होते, हात मांडीवर, एखाद्या शाळकरी पोरासारखे. तिला सांगवेना. तिनं लेन्सच्या कडेवर नखानं टिचकी मारली. टक्. थोडं थांबून पुन्हा दोनदा.

"पांढरं जळालं न्हाई ना?" चाचांनी विचारलं.

"न्हाई, चाचा."

"काळं?"

"काळ्यात बी सगळं दिसून राह्यलंय. लाकडाच्या रेघा दिसतात."

"वजिराची सावली कुठवर गेली?"

तिनं पटाकडं बघून सांगितलं, "शेवटच्या घरापर्यंत. वर थोडी भिंतीवर चढली."

चाचांनी खिडकीकडचा गाल इकडं वळवला. "अजून एक घेऊ का उद्या?" संध्यानं विचारलं.

"कशाला? मनासारखा आला ना?"

"आला."

"मंग झालं." त्यांनी एकेक मोहरं चाचपून पिशवीत टाकलं आणि भिंतीला हात लावत जिना उतरले.

उद्या ते यायच्या आत आपण एकटीनं काढून घेऊ, असं तिनं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. तीन दिवस ढग हलले नाहीत. चौथ्या दिवशी चाचांची छाती भरली, त्यांना जालन्याला नेलं, आणि दोन दिवसांनी त्यांना परत आणलं ते मातीसाठीच. ढग फाकले तेव्हा सूर्य फटीच्या पलीकडं सरकला होता.

चाळिसाव्या दिवशी संध्या त्यांच्या घरी गेली. चाचांची बायको सुगराबी चाची नवरा गेल्यानंतरच्या इद्दतीत होती, घराबाहेर पडत नव्हती. तिनं संध्याला जवळ बसवलं, चहा दिला.

"बेटी, तो बुद्धिबळाचा फोटो तुझ्याकडं हाय ना?"

संध्यानं कप बशीत ठेवला.

"हाय."

"ह्यांचा एक बी फोटो घरात न्हाई. काढूच द्यायचे न्हाईत. आता डोळे मिटले तरी तोंड बराबर आठवत न्हाई मला. तो फोटो दे. त्यात माणूस न्हाई, नमाजच्या खोलीत लावला तरी चालंल."

"मोठा करून आणते, चाची. चांगल्या कागदावर."

दुसऱ्याच दिवशी तिनं वर डाव मांडला. ऊन येत होतं, पण टाकीच्या वरून, उभं. वजिराची सावली दोन घरांत संपत होती. हा फोटो घेऊन गेली तर चाचीला काय कळणार होतं? चाचीला नसतं कळलं. पण शेवटच्या घरापर्यंत गेली, असं संध्यानं स्वतः सांगितलं होतं, आणि ते ज्यांना सांगितलं ते आता काही विचारायला येणार नव्हते. तिला दुसरा फोटो देता येईना.

मग तिनं दिवस पुढं ढकलायला सुरुवात केली. हार्ड डिस्क दुरुस्तीला दिलीय. कागद संपलाय. लगीनसराई आहे. चाची प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची आणि आणखी काही विचारायची नाही. त्या "बरं"पायी संध्या त्यांच्या गल्लीतून जायचं टाळायला लागली. बाजारात जायला तिनं लांबचा रस्ता धरला.

दुकानात मात्र जावंच लागे. चारच्या सुमारास खाली काउंटरवर बसलं असलं की वरून आवाज यायचा. टक्. एखादं मोहरं पटावर ठेवावं तसा. पहिल्यांदा ती पळत वर गेली. पिशवी खुंटीला होती, खुर्ची रिकामी, खिडकी लावलेली. सुतार रामकिसन दार बसवायला आला होता तेव्हा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, तुळई जुनी आहे, उन्हानं तापली की बोलते. ते खरंच असणार. तरी तो आवाज आला की तिचा उजवा अंगठा आपोआप नखावर जायचा.

हळूहळू ते कामातही शिरलं. नवरीच्या तोंडावर कॅमेरा लावावा आणि कानाशी कोणी म्हणावं, पांढरं जळालं. ती अंदाज बदलायची, पुन्हा काढायची, पुन्हा. एका लग्नात तिनं एकाच पोझचे चाळीस फोटो काढले आणि नवरीच्या मावशीनं तिला हळूच विचारलं, बाई, तुम्हाला बरं वाटून राह्यलं ना? घरी आई, गोजरबाई, तिचं ताट बघायची. "खात का न्हाईस? कुणी बोललं का?" संध्या म्हणायची, कोणी बोललं न्हाई. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. नोव्हेंबरच्या शेवटी ती रोज वर जाऊन सूर्य बघायला लागली. टाकीच्या कडेपासून तो रोज थोडा थोडा डावीकडं सरकत होता. डिसेंबर लागला आणि एका दुपारी पहिली पातळ रेघ पटावर पडली.

डाव मांडताना मात्र ती अडली. राजे आठवत होते, प्यादी आठवत होती, वजीर तर डोळ्यांसमोर होता. पण एक काळा घोडा होता, तो पटावर होता की बाहेर? ती त्या दिवशी उजेड बघत होती, बॅटरीची खूण बघत होती. घोडा तिनं बघितलाच नव्हता. सोळा वर्षं ज्या माणसानं तिला बघायला शिकवलं त्याची शेवटची मांडणी तिनं नीट बघितली नव्हती. पहिल्या दिवशी तिनं घोडा आत ठेवला, मग बाहेर काढला. नऊ दिवस हेच चाललं. बॅटऱ्या चार होत्या, चारही भरलेल्या. नवव्या दिवशी थंडी कडक पडली, हवा धुतल्यासारखी झाली. ऊन फटीत आलं, सावली शेवटच्या घरापर्यंत गेली आणि भिंतीवर चढली. घोडा ती आतच विसरली होती. मान खाली घालून तो एका बाजूला उभा होता आणि त्याच्यामुळं सगळा पट भरल्यासारखा दिसत होता. तिनं बटण दाबलं. शटरचा आवाज त्या बंद खोलीत इतका मोठा झाला की ती स्वतःच दचकली.

फोटो चांगला आला होता. आजवर तिनं काढलेल्यांत सगळ्यांत चांगला. जालन्याहून मोठा करून आणला, फ्रेम केली आणि ती चाचीकडं गेली.

चाचीनं कागद सोडला, फ्रेम दाराच्या उजेडात धरली. मग पदराच्या टोकानं काच पुसली, आणि तिचे डोळे वाहायला लागले.

"मंग त्यांचीच चूक झाली म्हणायची," ती म्हणाली.

"कसली चूक?"

"त्या दिवशी घरी आले तर जेवले न्हाईत. डाव कसा मांडला ते एकेक मोहरं सांगितलं, मंग म्हणले, शटर पडलंच न्हाई. पोरीनं नख वाजवलं. मी म्हणले, आता कान बी गेले का तुमचे? तर म्हणले, चाळीस साल मी तो आवाज ऐकला, सुगरा, मला नको सांगू." चाची थांबली, नाक पुसलं. "म्हणले, मी तिला बघायला शिकवलं, आन ती मलाच आंधळा समजली. मला बजावलं, तिला काही बोलायचं न्हाई. म्हणून मी बोलले न्हाई. पण वर्षभर मनात होतं. तू फोटो द्यायला टाळत होती तवा तर मला वाटलं, खरंच हाय. आता बघ. वाईट मनात घेऊन गेले बिचारे, आन फोटो तर हाय." तिनं संध्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "त्यांच्या वतीनं मी माफी मागते, बेटी."

संध्यानं फ्रेमकडं बघितलं. हात सोडवून घ्यावासा वाटत होता आणि सोडवता येत नव्हता. गप्प बसलं असतं तरी चालणार होतं. फ्रेम भिंतीवर गेली असती, चाचीचं मन हलकं झालं असतं आणि एक मेलेला माणूस खोटा ठरला असता. चाचा मरून वर्ष होत आलं होतं. त्यांच्या कानांना आता कोण विचारणार होतं?

"चाची, त्यांची चूक झाली न्हाई," ती म्हणाली. "बॅटरी संपल्ती. मी नखच वाजवलं. हा फोटो मी परवा काढला."

चाचीनं हात लगेच सोडला नाही. आधी पकड सैल झाली, मग हात तिच्या मांडीवर गेले. गल्लीत कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. दोघी त्या आवाजाकडं कान लावून बसल्यासारख्या बसल्या होत्या.

"किती दिवस लागले?" चाचीनं विचारलं.

"नऊ. पण त्या उजेडाची वाट वर्षभर बघितली."

"हा घोडा त्यांनी असाच ठेवल्ता?"

"मला आठवत न्हाई."

चाचीनं फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळली, दोरी बांधली, गाठ मारली. "फोटो चांगला हाय," ती म्हणाली. "पण त्यांचा न्हाई. घेऊन जा." त्या दिवशी तिनं चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

संध्यानं फ्रेम दुकानात आणली आणि वरच्या कपाटात, तशीच गुंडाळलेली, उभी करून ठेवली. भिंतीवर लावायची तिची हिंमत झाली नाही. गिऱ्हाइकानं "कसा आला?" विचारलं की ती आता तोंडानं काही सांगत नाही. पडदा त्यांच्यापुढं धरते. जे आलंय ते तेच बघतात.

ईदच्या पुढच्या आठवड्यात चाची दुकानात आली. काळा बुरखा, हातात कसल्यातरी सरकारी अर्जाचा कागद. "पासपोर्ट साइज पाहिजे," एवढंच म्हणाली. संध्यानं स्टूल दाराशी आणलं, दिवे बंद केले. चाचीनं नकाब वर केला आणि रस्त्याकडं बघत बसली. शटर पडलं. चाचीची पापणीही हलली नाही.

प्रती कापून होईपर्यंत तिनं जिन्याकडं दोनदा बघितलं. मग विचारलं, "वर जाऊ का?"

"जा ना, चाची."

ती एकेक पायरी चढत वर गेली. संध्या खालीच थांबली. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, नंतर काहीच नाही. अर्ध्या तासानं चाची उतरली, फोटोचं पाकीट घेतलं आणि गेली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, तेव्हा कुठला अर्ज नव्हता. आता ती दर आठवड्याला येते, चारच्या सुमाराला. संध्या वर जात नाही आणि चाची तिथं काय करते ते विचारत नाही. परवा मात्र ती गेल्यावर संध्या खिडकी लावायला वर गेली, तर पिशवी खुंटीवरून खाली काढलेली होती आणि पटावर डाव मांडलेला होता. पांढरा राजा कोपऱ्यात, मधोमध वजीर. काळा घोडा पटाच्या बाहेर होता.

संध्या बराच वेळ तिथं उभी राहिली. मग कशालाही हात न लावता तिनं खिडकी ओढून घेतली.